परीक्षा बदलली, तयारी कुठे बदलली? : चीनमधील महाविद्यालयीन इंग्रजी परीक्षेच्या मार्गदर्शक साहित्याची चिकित्सा

परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांना साहित्यसमीक्षेत सहसा स्थान मिळत नाही. ती दरवर्षी नव्याने निघतात, परीक्षा संपली की रद्दीत जातात आणि त्यांचे लेखकही स्मरणात राहत नाहीत. परंतु एखादा समाज परकी भाषा कोणत्या रीतीने शिकतो, हे जाणून घ्यायचे असेल तर शासकीय धोरणाच्या दस्तऐवजांपेक्षा ही पुस्तके अधिक बोलकी ठरतात. धोरणात उद्दिष्टे लिहिलेली असतात, मार्गदर्शक पुस्तकात प्रत्यक्ष व्यवहार उतरलेला असतो. चीनमधील महाविद्यालयीन इंग्रजी परीक्षेच्या तयारीचे साहित्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात 'सीईटी' म्हटले की व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा डोळ्यांसमोर येते. चीनमधील 'सीईटी' म्हणजे कॉलेज इंग्लिश टेस्ट. ती प्रवेशानंतरची परीक्षा असून इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या दोन पायऱ्या आहेत : चौथी श्रेणी आणि सहावी श्रेणी. अभियांत्रिकी, वैद्यक, शेती, इतिहास अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ती देतो. वर्षातून दोनदा, साधारणतः जून आणि डिसेंबर महिन्यांत, ती घेतली जाते आणि वर्षाला एक कोटीहून अधिक परीक्षार्थी तिला बसतात.

परीक्षेची घडण

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली विद्यापीठ प्रवेश परीक्षा 1977 साली पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी आर्थिक सुधारणांचे पर्व आले. पन्नासच्या दशकात चिनी शाळा-महाविद्यालयांत रशियन भाषेचा वरचष्मा होता, ते स्थान आता इंग्रजीकडे आले. सर्व विद्यापीठांतील इंग्रजीची पातळी एकाच मापाने मोजावी, या हेतूने सप्टेंबर 1987 मध्ये चौथ्या श्रेणीची आणि 1989 मध्ये सहाव्या श्रेणीची परीक्षा प्रथम घेण्यात आली. आरंभी ती शंभर गुणांची होती व साठ गुणांना उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र मिळत असे.

या प्रमाणपत्राचे वजन लवकरच परीक्षेच्या मूळ हेतूपेक्षा जास्त झाले. अनेक विद्यापीठांनी चौथी श्रेणी उत्तीर्ण होणे ही पदवीची अट केली. नोकरीच्या जाहिरातींत तिचा उल्लेख येऊ लागला. शांघायसारख्या शहरात बाहेरगावच्या पदवीधराला रहिवासी नोंदणी देताना जे गुणांकन होई, त्यातही या परीक्षेची दखल घेतली गेली. रहिवासी नोंदणीवर शहरातील अनेक नागरी सुविधा अवलंबून असल्यामुळे इंग्रजीची एक परीक्षा माणसाच्या वसतीशी जोडली गेली.

2005 साली शिक्षण मंत्रालयाने सुधारणा केल्या. प्रमाणपत्राऐवजी 710 गुणांच्या मापावरील गुणपत्रक आले, उत्तीर्णतेची रेषा काढून टाकण्यात आली आणि पदवीशी या परीक्षेची सांगड घालू नये, अशी मंत्रालयाने भूमिका घेतली. मात्र सहाव्या श्रेणीला बसण्यासाठी चौथ्या श्रेणीत 425 गुण लागतात, एवढी अट राहिली. समाजाने या 425 मध्येच जुनी उत्तीर्णता शोधली. आजही विद्यार्थी 'पास झालो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हाच आकडा असतो आणि नोकरी देणारेही तोच विचारतात.

प्रश्नपत्रिकेतील बदल त्याहून महत्त्वाचे होते. जुन्या प्रश्नपत्रिकेत सुटे शब्द आणि व्याकरण यांवर पर्यायी प्रश्नांचा स्वतंत्र विभाग होता, तो वगळण्यात आला. श्रवणाचा वाटा 20 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर गेला. डिसेंबर 2013 पासून सुट्या वाक्यांऐवजी संपूर्ण चिनी परिच्छेदाचा इंग्रजी अनुवाद विचारला जाऊ लागला. 2016 पासून श्रवणात बातम्यांचा समावेश झाला. आजची विभागणी अशी आहे : लेखन 15 टक्के, श्रवण 35 टक्के, वाचन 35 टक्के आणि अनुवाद 15 टक्के. म्हणजे परीक्षा सुट्या शब्दाकडून सलग मजकुराकडे सरकत गेली. या वाटचालीत मार्गदर्शक साहित्य तिच्याबरोबर चालले का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

शब्दयादीचे पुस्तक

तयारीची सुरुवात शब्दसंग्रहाच्या पुस्तकाने होते. चौथ्या श्रेणीसाठी चार ते पाच हजार शब्दांची अपेक्षा धरली जाते. पारंपरिक पुस्तकात हे शब्द वर्णानुक्रमे लावलेले असत. प्रत्येकासमोर उच्चार, चिनी अर्थ आणि एखादे वाक्य. अशा यादीच्या आरंभी येणारा 'अबँडन' हा शब्द चिनी विद्यार्थ्यांच्या विनोदाचा विषय झाला आहे. त्याचा अर्थ 'सोडून देणे'. पुस्तक उघडावे, पहिला शब्द पाठ करावा आणि त्याचा अर्थ अमलात आणून पुस्तक मिटावे, असा तो विनोद. हसण्यापलीकडे त्यात नेमके निरीक्षण आहे. वर्णानुक्रम शब्द शोधण्याच्या सोयीचा असतो, शिकण्याच्या सोयीचा नसतो.

प्रकाशकांनाही हे उमगले. 'न्यू ओरिएंटल' ही शिकवणी संस्था 1993 साली बीजिंगमध्ये स्थापन करणारे यू मिनहोंग यांच्या नावावरील शब्दसंग्रहांत धातू व उपसर्गांच्या आधारे शब्द लक्षात ठेवण्याची पद्धत आहे आणि क्रम मुद्दाम विस्कटलेल्या आवृत्त्याही निघाल्या. पुढे मोबाइलवर 'बायत्सझान', 'शानबेई' यांसारखी साधने आली. त्यांतून शब्दासोबत चित्र मिळू लागले, उजळणीचे वेळापत्रक मिळू लागले आणि रोजची हजेरी मित्रांना दाखवता येऊ लागली. कागद गेला, पडदा आला. मात्र एक इंग्रजी शब्द आणि त्याच्यासमोर एक चिनी अर्थ, हे एकक बहुधा कायम राहिले.

पाठांतराची सर्वांत कल्पक युक्ती म्हणजे ध्वनिसाम्य. 'ॲम्ब्युलन्स' हा शब्द 'आन बू नंग स' असा ऐकायचा. त्याचा चिनी अर्थ 'मला मरून चालणार नाही'. 'इकॉनॉमी' म्हणजे 'यीखाओ नुंगमिन', अर्थात 'शेतकऱ्यांवर भिस्त'. 'पेस्ट', म्हणजे पिकावरची कीड, हा 'पाय स था' होतो, 'झापड मारून ठार कर त्याला'. ही शब्दक्रीडा मजेदार आहे आणि तिच्यातील विनोदबुद्धी अस्सल चिनी आहे. परकी वस्तू आपल्या घरच्या भांड्यात ओतून घेण्याची ही लोकांची जुनी सवय आहे. समीक्षकाने तिला हसून बाजूला सारू नये. तरी तिची मर्यादा स्पष्ट दिसते. विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ सापडतो, पण उच्चार चिनी होऊन बसतो आणि तो शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी नांदतो, हे कळत नाही. भाषेत शब्द एकटा राहत नाही. मराठीत आपण चहा 'घेतो', शपथही 'घेतो', पण औषधाचा 'गुण येतो'. ही सोयरीक यादीत मिळत नाही, वाचनातच मिळते. परीक्षेतून सुट्या शब्दांचा विभाग 2005 नंतरच्या सुधारणांत गेला, यादीचे पुस्तक मात्र तयारीच्या केंद्रस्थानी राहिले.

लेखनाचा साचा

निबंधासाठी अर्धा तास मिळतो. चौथ्या श्रेणीत 120 ते 180 शब्द लिहायचे असतात. येथे मार्गदर्शक पुस्तके साचा पुरवतात. पहिला परिच्छेद समाजाच्या झपाट्याने होणाऱ्या विकासाने उघडतो, दुसऱ्यात 'प्रथमतः', 'द्वितीयतः', 'अंतिमतः' अशी तीन कारणे येतात आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रयत्न करण्याचे आवाहन असते. मध्ये विषयापुरती जागा रिकामी. प्रदूषण असो, मैत्री असो वा मोबाइल, रिकाम्या जागी शब्द भरले की निबंध तयार. 'ॲज इज नोन टू ऑल' आणि 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' ही या साच्याची नाणी इतकी वापरली गेली आहेत की त्यांच्यावरचे छाप पुसले गेले आहेत.

या साच्याची वंशावळ चीनमध्येच शोधता येते. मिंग व छिंग राजवटींच्या काळात राजसेवेच्या परीक्षांमध्ये 'अष्टपदी निबंध' लिहावा लागे. त्याचे भाग, त्यांचा क्रम आणि जोडवाक्यांची रचना ठरलेली असे. 1905 साली त्या परीक्षा बंद झाल्या. 'अष्टपदी' हे विशेषण मात्र पोकळ, ठरीव लेखनासाठी चिनी भाषेत आजही वापरले जाते. तरीही दोहोंत फरक आहे. अष्टपदी निबंध लिहिणाऱ्याला कन्फ्यूशियन ग्रंथ मुखोद्गत असावे लागत आणि त्या चौकटीत शिरण्यासाठी भाषेवर हुकमत लागे. आजचा साचा हुकमतीची उणीव झाकण्यासाठी आहे. पाठ केलेली वाक्ये निर्दोष असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत विद्यार्थ्याची स्वतःची वाक्ये अडखळतात. परीक्षकाला हे सांधे लगेच दिसतात.

मुके इंग्रजी

चिनी भाषेत 'याबा यिंग्यू' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे 'मुके इंग्रजी'. वर्षानुवर्षे शिकूनही बोलता न येणाऱ्या इंग्रजीला लोकांनीच हे नाव दिले. या मुकेपणाविरुद्धचे सर्वांत गाजलेले बंड ली यांग यांचे 'क्रेझी इंग्लिश'. लांझोऊ विद्यापीठात अभ्यासात मागे पडलेल्या या विद्यार्थ्याने मोकळ्या जागी ओरडून इंग्रजी वाक्ये म्हणण्यास सुरुवात केली. आपल्याला यश मिळाले ते याच चौथ्या श्रेणीच्या परीक्षेत, असे ते सांगत आले आहेत. पुढे त्यांनी मैदाने भरवली. त्यांच्यावर झांग युआन यांनी काढलेला माहितीपट 1999 साली आला. या चळवळीने विद्यार्थ्यांचा संकोच घालवला हे मान्य करावे लागेल. पण ओरडणे म्हणजे संवाद नव्हे. हजारो कंठांतून एकच वाक्य एकाच वेळी बाहेर पडते तेव्हा ते पाठांतरच असते, फक्त आवाज चढलेला असतो.

मुकेपणाचा सगळा दोष विद्यार्थ्यांवर वा पुस्तकांवर टाकता येत नाही. संभाषणाची परीक्षा 1999 पासून अस्तित्वात आहे, परंतु ती स्वतंत्र व ऐच्छिक आहे. 710 गुणांत तिचा एकही गुण नाही. ज्याला गुण नाहीत त्याची तयारी परीक्षार्थी करणार नाही, हे चीनमध्येच काय, कोठेही खरे आहे. श्रवणाचा वाटा वाढल्यावर मात्र फरक पडला. अनेक विद्यापीठांत ध्वनिमुद्रण रेडिओच्या लहरीवरून ऐकवले जाते. त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात रेडिओचे हेडफोन आणि त्यांच्या बॅटऱ्या यांची शोधाशोध चालते. कानाला गुण मिळाले तेव्हा कान तयार झाला. जिभेला अद्याप गुण मिळालेले नाहीत.

अनुवादाची कसोटी

तयारीच्या साहित्याची खरी परीक्षा अनुवादाच्या विभागात होते. चौथ्या श्रेणीत 140 ते 160 चिनी अक्षरांचा परिच्छेद देतात, सहाव्यात 180 ते 200. विषय चिनी संस्कृती, इतिहास व समाजजीवनातले असतात. डिसेंबर 2013 मध्ये सहाव्या श्रेणीत रेशीम मार्ग आला. डिसेंबर 2016 मध्ये चौथ्या श्रेणीत लाल, पिवळा व पांढरा या रंगांचे चिनी जीवनातील स्थान विचारले गेले. जून 2017 मध्ये यांगत्से, पीत नदी व मोती नदी आल्या. पेपरफुटी व नक्कल टाळण्यासाठी शेजारच्या परीक्षार्थींना वेगवेगळे संच दिले जात असल्याने एकाच बैठकीत असे अनेक परिच्छेद असतात.

मार्गदर्शक पुस्तकांनी यावर जुनाच उपाय काढला : पुन्हा यादी. सणांची, पदार्थांची, राजवंशांची, कलांची इंग्रजी नावे पाठ करावयाची. नावे यावीत हे ठीकच. पण परिच्छेद कोलमडतो तो बहुधा नावांपाशी नव्हे, वाक्यापाशी. 'शरद पौर्णिमेचा सण, कुटुंब एकत्र, चंद्र पाहणे, मूनकेक खाणे' अशा धाटणीची रचना चिनीत सहज शोभते. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय अनिवार्य नाही, कर्ता संदर्भाने कळतो आणि उभयान्वयी अव्यये नसली तरी अडत नाही. इंग्रजीत शिरताना प्रत्येक पावलाला निर्णय घ्यावा लागतो. कुटुंब एक की अनेक? कृती आजची की नित्याची? चार क्रियांपैकी मुख्य कोणती आणि आश्रित कोणती? 'अ' की 'द'? हा शेवटचा प्रश्न मराठी व उर्दू भाषकांच्याही परिचयाचा आहे, कारण या भाषांतही इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. हे निर्णय घेण्यासाठी मूळ चिनी वाक्य आधी समजून उलगडावे लागते. म्हणजे अनुवाद येथे इंग्रजीच्या आधी मातृभाषेच्या वाचनाची परीक्षा होतो.

रंगांचेच उदाहरण पाहता येईल. चिनीत विवाह आणि मृत्यू या दोन्ही प्रसंगांना मिळून 'लाल-पांढरे प्रसंग' म्हणतात. लाल विवाहाचा, पांढरा शोकाचा. यादीतून 'लाल' आणि 'पांढरा' हे शब्द अचूक मिळतील, पण ते जोडून लिहिले तर पांढऱ्या वेषातील नववधू पाहण्याची सवय असलेल्या इंग्रज वाचकाला काहीच कळणार नाही. येथे रंग सोडून प्रसंग सांगावा लागतो. शब्द सोडून अर्थ धरण्याचे हे धैर्य कोणतीही यादी देत नाही.

याविषयी चिनी परंपरेकडे स्वतःचे शास्त्र आहे. यान फू यांनी हक्स्ले यांच्या उत्क्रांती व नीतीविषयक ग्रंथाचा अनुवाद 1898 साली प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी तीन निकष मांडले : 'शिन' म्हणजे मुळाशी इमान, 'दा' म्हणजे अर्थ पोहोचणे आणि 'या' म्हणजे भाषेची शालीनता. आजच्या परीक्षेतही मूळ अर्थ नेमका उतरला का आणि इंग्रजी ओघवती आहे का, हेच तपासले जाते. म्हणजे पहिले दोन निकष तेथे जिवंत आहेत. यान फू यांचे समकालीन लिन शू यांना तर एकही परकी भाषा येत नव्हती. भाषा जाणणारे सहकारी तोंडी अर्थ सांगत आणि लिन शू तो अभिजात चिनीत उतरवीत. अशा रीतीने शंभराहून अधिक कृती चिनी वाचकांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या अनुवादांत चुका होत्या, पण स्वभाषेच्या बळावर माणूस किती लांब जाऊ शकतो याचे ते उदाहरण आहे. उर्दूत तर्जुमा करणाऱ्याच्या शेजारीच 'तर्जुमान' हा शब्द आहे, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे पोहोचवणारा प्रवक्ता. परिच्छेद अनुवादणारा विद्यार्थी आपल्या समाजाचा असा छोटा तर्जुमानच असतो. मार्गदर्शक पुस्तके त्याला पाठ केलेला निरोप सांगणारा निरोप्या करून ठेवतात.

तिसऱ्या भाषेचा विद्यार्थी

या साहित्याची आणखी एक मर्यादा अल्पसंख्य समाजांच्या संदर्भात दिसते. इंग्रजीचा प्रत्येक शब्द चिनीतून समजावला जातो, कारण वाचकाची मातृभाषा चिनी आहे असे गृहीत धरलेले असते. उइघुर विद्यार्थ्याची मातृभाषा तुर्की कुळातील आणि लिपी अरबी वळणाची. तिबेटी विद्यार्थ्याची भाषा व लिपी आणखी निराळी. त्यांच्यासाठी चिनी दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. 'ॲम्ब्युलन्स'चा विनोद समजण्यासाठीही आधी चिनी कान लागतो. अनुवादात तर तो दुसऱ्या भाषेतून तिसऱ्या भाषेत जातो, त्याची पहिली भाषा त्या व्यवहारात कोठेच येत नाही. उर्दू, मराठी आणि इंग्रजी यांतून वाट काढणाऱ्या वाचकांना ही अडचण विस्ताराने समजावण्याची गरज नाही. गुणपत्रकावर मात्र दोघांना एकच माप लागते आणि मधले अंतर कोठेच नोंदले जात नाही.

समारोप

मार्गदर्शक साहित्याची बाजूही न्याय्य रीतीने मांडली पाहिजे. गान्सू वा ग्वेईझोऊसारख्या प्रांतांतील खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला चांगला इंग्रजी शिक्षक मिळतोच असे नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचा स्वस्त संच त्याला मोठ्या शहरातील विद्यार्थ्याच्या थोडे जवळ आणतो. त्या संचांतील सराव प्रामाणिकपणे केला तर वाचन व श्रवण सुधारते. संच सोडवणे आणि उत्तरांच्या युक्त्या पाठ करणे, यांत फरक केला पाहिजे. पहिल्यात मजकुराशी गाठ पडते, दुसऱ्यात फक्त परीक्षकाशी.

आता परिस्थिती बदलत आहे. 2018 साली इंग्रजी क्षमतेचे नऊ पातळ्यांचे राष्ट्रीय मापदंड चीनमध्ये लागू झाले. सप्टेंबर 2023 मध्ये शीआन जिआओतोंग विद्यापीठाने ही परीक्षा पदवीशी जोडणार नसल्याचे जाहीर केले, तेव्हा यंत्रे अनुवाद करीत असताना एवढ्या इंग्रजीची गरज काय, अशी चर्चा झाली. या प्रश्नाचे उत्तर तयारीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. शब्दासमोर शब्द ठेवणे आणि साच्यात विषय भरणे एवढेच शिकायचे असेल, तर ते काम यंत्र अधिक वेगाने करते आणि विद्यार्थ्याचे कष्ट खरोखरच वाया जातात. यंत्राने दिलेल्या वाक्यात मूळ अर्थ उतरला की नाही, हे ओळखण्यासाठी मात्र दोन्ही भाषांचा वाचक लागतो.

चाळीस वर्षांच्या वाटचालीत ही परीक्षा सुट्या शब्दाकडून परिच्छेदाकडे आली, डोळ्यांकडून कानाकडे आली आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेला तिने प्रश्नपत्रिकेत जागा दिली. मार्गदर्शक साहित्याने यांतील प्रत्येक बदलाचे पुन्हा यादीत रूपांतर केले. त्यामुळे परीक्षेवर होणारी बरीचशी टीका वास्तविक तिच्या तयारीला लागू पडते. तयारीच्या पुस्तकाचे पहिले पान शब्दांच्या यादीऐवजी एका चांगल्या चिनी परिच्छेदाने उघडेल आणि 'यात लेखक काय म्हणतो आहे?' असा प्रश्न विचारील, तर इंग्रजीचीही अधिक चांगली तयारी होईल. परीक्षार्थी तेथून पुढे विद्यार्थी होऊ लागेल.